मिनिएचर वॉरगेमचा सामना स्पर्धेच्या वेळेत पूर्ण कसा करायचा

मिनिएचर वॉरगेम म्हणजे छोट्या पुतळ्यांची सैन्यं टेबलावर मांडून, फासे टाकून खेळायची लढाई. तिथे पाच राउंडचा सामना तिसऱ्याच राउंडला थांबतो. मग दोघेही खेळाडू फाशांना, जाडजूड नियमपुस्तकाला किंवा समोरच्याला दोष देत उठतात. हात संथ आहेत म्हणून सामना अर्धवट राहिला, असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा निर्णय भलत्या वेळी घेतले जातात. घरी ठरवायच्या गोष्टी टेबलावर ठरतात आणि समोरच्याच्या टर्नमध्ये ठरवायच्या गोष्टी स्वतःच्या टर्नमध्ये. प्रत्येक निर्णय जितका आधी घेता येईल तितका आधी उरकायचा, म्हणजे घड्याळ चालू असताना फक्त हात चालवायचे राहतात. खालचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

अर्धवट सामन्यात एकाचं नुकसान दुसऱ्यापेक्षा जास्त होतं, हेही लक्षात असू द्या. काही सैन्यं पहिल्या दोन राउंडमध्ये मारधाड करून आघाडी घेतात. काही सैन्यं तग धरून राहतात आणि चौथ्या-पाचव्या राउंडला गुण गोळा करतात. तिसऱ्या राउंडला खेळ थांबला की दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूचा अख्खा बेत वाया जातो. ज्याच्यामुळे तो जातो त्याला बऱ्याचदा याचा पत्ताही नसतो.

शब्दांचा घोळ नको म्हणून: या लेखात ‘फेरी’ म्हणजे स्पर्धेतला एक सामना, ‘टर्न’ म्हणजे एका खेळाडूची पाळी आणि ‘राउंड’ म्हणजे दोघांचा एकेक टर्न. ‘मॉडेल’ म्हणजे एक पुतळा, ‘युनिट’ म्हणजे एकत्र चालणारा मॉडेलचा गट आणि ‘पॉइंट’ म्हणजे सैन्यातल्या युनिटची ठरलेली किंमत. उदाहरणं बहुतेक वॉरहॅमर ४०,००० च्या २००० पॉइंटच्या, पाच राउंडच्या आणि तीन तासांच्या सामन्याची आहेत. दुसरा खेळ असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

## टप्पा १: मिनिटांचा हिशेब कागदावर मांडा

तीन तास म्हणजे १८० मिनिटं. ती सगळी खेळायला मिळतात असं समजणं ही पहिली चूक. ओळख, टेरेनबद्दल (टेबलावरच्या भिंती, इमारती वगैरे) बोलणी आणि सैन्य मांडणं यात २० मिनिटं जातात. शेवटी गुण जुळवणं आणि निकालाची चिठ्ठी भरणं यासाठी १० ठेवा. उरली १५०, म्हणजे प्रत्येकी ७५.

आता ७५ भागिले पाच, म्हणून टर्नला १५ मिनिटं, असा सरळ भागाकार करू नका. पहिल्या टर्नला सगळं सैन्य हलतं, पण मारामारी कमी असते. दुसरा आणि तिसरा टर्न सर्वांत जड, कारण मॉडेल अजून भरपूर असतात आणि दोन्ही सैन्यं भिडलेली असतात. चौथ्यापासून टेबल रिकामं होत जातं. म्हणून मी वाटणी अशी करतो: १५, २०, २०, १२ आणि ८. बेरीज ७५.

दोघांची मिनिटं एकत्र धरली तर भिंतीवरच्या घड्याळावर हे थांबे दिसायला हवेत:

- २० व्या मिनिटाला पहिला टर्न सुरू
- ५० व्या मिनिटाला पहिला राउंड पूर्ण
- ९० व्या मिनिटाला दुसरा राउंड पूर्ण
- १३० व्या मिनिटाला तिसरा पूर्ण
- १५४ व्या मिनिटाला चौथा, १७० व्या मिनिटाला पाचवा पूर्ण

यातला एकच थांबा पाठ करायचा असेल तर ९० चा करा. निम्मी वेळ गेली आणि अजून दुसरा राउंड चालूच आहे, म्हणजे तुम्ही मागे पडला आहात, मग डाव कितीही रंगलेला असो.

प्रत्येक खेळाची घडण वेगळी असते. वॉरमशीनच्या डेथ क्लॉक पद्धतीत ज्याचं घड्याळ संपतं तो सामनाच हरतो, तिथे हा हिशेब जिवावरचा. ब्लड बोलमध्ये दोन अर्धात प्रत्येकी आठ, असे सोळा टर्न खेळायचे असतात, म्हणून टर्नची सरासरी फार लहान निघते. बोल्ट ॲक्शनमध्ये पिशवीतून ऑर्डरचा फासा काढून एकेक युनिट चालतं. अशा खेळात प्रत्येक युनिटमागे घड्याळाचं बटण दाबत बसणं दोघांनाही त्रासाचं होतं, म्हणून राउंडमागे मिनिटं मोजा.

तपासा: स्पर्धेचं नियमपत्रक वाचून तीन उत्तरं लिहून ठेवा. मांडणीची वेळ फेरीतच धरली आहे का? चेस क्लॉक (दोघांचा वेळ वेगवेगळा मोजणारं बुद्धिबळाचं घड्याळ) सक्तीचं आहे की मागितलं तर मिळतं? एकाचा वेळ संपला तर त्याला पुढे काय करता येतं? बऱ्याच स्पर्धांमध्ये अशा खेळाडूला सेव्ह (मार चुकवायचे फासे) टाकणं आणि गुण मोजणं एवढंच उरतं, पण प्रत्येक आयोजकाचा नियम सारखा नसतो.

## टप्पा २: वेळेत बसेल अशी आर्मी लिस्ट घ्या

आर्मी लिस्ट, म्हणजे सैन्यातल्या युनिटची यादी, बनवताना सगळे पॉइंट मोजतात, मिनिटं कोणी मोजत नाही. समजा एक मॉडेल हलवायला चार सेकंद लागतात. १२० मॉडेलच्या सैन्याला नुसतं एकदा पुढे सरकायला ४८० सेकंद, म्हणजे आठ मिनिटं हवीत. पहिल्या टर्नचा निम्म्याहून जास्त वेळ तिथेच गेला, आणि अजून एकही फासा पडलेला नाही. ४० मॉडेलचं सैन्य हेच काम तीन मिनिटांच्या आत उरकतं.

मॉडेलची संख्या ही वेळखाऊपणाची एकच बाजू. एकाच युनिटमध्ये चार-पाच प्रकारची शस्त्रं असली की प्रत्येकासाठी वेगळे फासे टाकावे लागतात. हल्ल्यांची संख्याच फाशावर ठरणारी शस्त्रं, दर टप्प्यावर री-रोल (फासा पुन्हा टाकायची मुभा) देणारे नियम, समोरच्याच्या टर्नमध्ये मध्येच वापरायच्या क्षमता, हे सगळं थोडंथोडं करून घड्याळ खातं. मोठं सैन्य खेळू नका, असं मी म्हणत नाही. मोठं सैन्य घ्यायचं असेल तर ते वेगाने हलवण्याचा सराव आधी करा, आणि सराव झालेला नसेल तर छोटं सैन्य घ्या.

पारख करायला प्रतिस्पर्धी लागत नाही. टेबलावर पूर्ण सैन्य मांडा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, सगळी युनिट नियमानुसार एकदा पुढे हलवा आणि प्रत्येक युनिटने समोरच्या काल्पनिक लक्ष्यावर एकदा गोळीबार करा, फासे खरोखर टाकून. १५ मिनिटांत झालं तर लिस्ट ठीक. २० च्या वर गेलं तर एखादं मोठं युनिट काढून त्याच पॉइंटमध्ये कमी मॉडेलचं काही बसवा.

सावधान: आयत्या वेळी लिस्ट बदलू नका. नवीन युनिट दोन पॉइंटने सरस असेलही, पण त्याचा नियम दर टर्नला पुस्तकात शोधावा लागला तर ते तुमच्याच घड्याळाशी लढत बसतं.

## टप्पा ३: घरीच चार कागद तयार करा

१. टर्नचा क्रम. एका कार्डावर टप्पे आणि प्रत्येक टप्प्यापाशी तुम्ही हमखास विसरता त्या गोष्टी. सगळे नियम लिहू नका. जे लक्षात राहतं ते लिहून काय उपयोग?

२. युनिटचा तक्ता. हालचाल, टफनेस (टणकपणा), सेव्ह, वूंड (किती जखमा सोसतं) आणि शस्त्रांचे आकडे, सगळं एका पानावर. मोबाइलचं ॲप हाताशी असू द्या, पण भिस्त कागदावर ठेवा. स्क्रीन बंद होते, बोटांनी वरखाली सरकवत शोधावं लागतं, आणि समोरच्याला दाखवायचं तर फोन त्याच्या हातात द्यावा लागतो.

३. डिप्लॉयमेंटची (सैन्य मांडण्याची) रेखाटनं. कोणत्या फेरीला कोणतं मिशन आणि कोणती मांडणी, हे बऱ्याच स्पर्धा आधीच जाहीर करतात. प्रत्येक मांडणीसाठी चौकोन काढून त्यात तुमची युनिट ठेवा. दोन रूपं पुरतात, एक पहिला टर्न मिळाला तर आणि एक न मिळाला तर.

४. कोणतं काम कोणाचं. हा कागद लोक करत नाहीत आणि तोच सर्वांत जास्त मिनिटं वाचवतो. वॉरहॅमर ४०,००० च्या दहाव्या आवृत्तीत दुय्यम मिशनं (जादा गुण देणारी कामं) टॅक्टिकल पद्धतीने घेतली तर दर टर्नला कार्डं उचलावी लागतात. कार्ड बघून ‘आता हे कोण करणार?’ हा विचार तिथे सुरू झाला की दोन-तीन मिनिटं सहज जातात. त्यापेक्षा प्रत्येक संभाव्य कार्डासमोर घरीच लिहा: हे काम अमुक युनिट करेल, ते मेलं असेल तर तमुक, तेही नसेल तर कार्ड टाकून द्यायचं. फिक्स्ड (आधीच ठरवून घेतलेली) मिशनं घेतली तर हा विचार सामन्याच्या सुरुवातीलाच संपतो. ज्यांचं घड्याळ नेहमी संपतं त्यांनी काही सामने फिक्स्ड घेऊन खेळून बघावं.

## टप्पा ४: सामान हाताशी, मोजलेलं आणि ओळखू येईल असं

फाशांचे दहा-दहाचे गट करा आणि एका गटात एकच रंग ठेवा. २३ फासे हवेत तर दोन गट आणि वर तीन, मोजत बसायचं नाही. वेगवेगळ्या शस्त्रांना वेगवेगळे रंग द्या. मोठी तोफ लाल, बाकी बंदुका निळ्या, असं आधी सांगितलं तर दोन्ही एकाच फेकीत टाकता येतात. नक्षीदार, आकडे न दिसणारे फासे घरी ठेवा. समोरच्याला वाकून बघावं लागतं, आणि दर वेळी वाकण्यात जो वेळ जातो तोही फेरीतलाच.

फासे ट्रेमध्येच टाका. टेबलाखाली गेलेला फासा शोधायला दोघे वाकले की खेळ थांबलाच. पडलेला फासा पडू द्या, दुसरा उचला आणि टाका.

टेपमापाबरोबर ठरावीक लांबीच्या मोजपट्ट्या ठेवा. सहा आणि नऊ इंचांच्या दोन पट्ट्या असल्या तरी मूव्हमेंट फेज (हालचालीचा टप्पा) लक्षात येण्याइतकी लवकर संपते. मोठ्या पायदळासाठी मूव्हमेंट ट्रे (अख्खं युनिट एकदम सरकवायची थाळी) वापरा, निदान पहिल्या टर्नपुरती. उरलेले वूंड दाखवायला टोकन, गुण लिहायला पेन, आणि मॉडेलचा हात तुटला तर चिकटवायला गोंद. एवढं पुरे.

सैन्य पेटीतून काढून थाळीवर ठेवताना मांडणीच्या क्रमाने ठेवा. आधी मांडायचं युनिट हाताजवळ, रिझर्व्हमधली (नंतर टेबलावर येणारी) सगळ्यात मागे.

## टप्पा ५: पहिला फासा पडण्याआधीची बोलणी

इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही जण नमस्कार करून थेट मॉडेल मांडायला लागतात आणि तिसऱ्या राउंडला ‘ही भिंत आरपार दिसते का?’ यावर वाद घालतात. काही जण स्वतःच्या सैन्याचं अख्खं पुराण सांगतात. पाच-सहा मिनिटांत एवढंच ठरवा:

१. टेबलावरच्या प्रत्येक टेरेनवर बोट ठेवून ते काय आहे हे मोठ्याने म्हणा. त्यातून दिसतं का, त्यावर चढता येतं का, वाहन त्यातून जातं का.

२. तिरका अडकलेला फासा पुन्हा टाकायचा की नाही.

३. चूक मागे घेण्याची मुभा कुठपर्यंत. माझा साधा नियम असा, की पुढचा फासा पडला की मागचं विसरायचं.

४. हेतू सांगून खेळायचं का. याला हो म्हणाच. ‘हे युनिट तुमच्या रणगाड्याला दिसणार नाही अशा बेताने इथे ठेवतोय, बरोबर आहे का?’ असं विचारलं आणि त्यांनी मान डोलावली की अर्ध्या मिलिमीटरची मोजणी वाचते आणि पुढच्या टर्नचा वादही टळतो.

५. ‘तुमच्या सैन्यात मला धक्का देतील अशा तीन गोष्टी सांगा.’ हा प्रश्न विचारला की पुराण आपोआप आवरतं. तुम्हीही तेवढंच सांगा: अनपेक्षित अंतर कापणारं युनिट, टर्नच्या मध्ये येणारी क्षमता आणि सगळ्यात जास्त मारणारं शस्त्र.

तपासा: फेरी सुरू होऊन आठ मिनिटांच्या वर गेली असतील तर बोलणी थांबवा. राहिलेलं जेव्हा समोर येईल तेव्हा विचारा.

## टप्पा ६: मांडणी

रेखाटन काढा आणि त्याप्रमाणे ठेवा. आळीपाळीने एकेक युनिट मांडायचं असेल तर पहिली तीन अशी निवडा ज्यांची जागा समोरचा काहीही करो बदलणार नाही: मागच्या ऑब्जेक्टिव्हवर (ताब्यात ठेवली की गुण देणारी जागा) बसणारं युनिट, लांबून मारणारी तोफ वगैरे. तोपर्यंत समोरच्याचा कल दिसतो आणि उरलेल्या निर्णयांना आधार मिळतो. मांडून झालेलं युनिट दर खेपेला दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे सरकवत बसण्याची सवय मोडा. नियमालाही ते धरून नसतं.

रिझर्व्हमध्ये काय आणि वाहनात कोण बसलंय हे लिस्टवर पेन्सिलने खूण करून दाखवा.

## टप्पा ७: टर्न खेळण्याचा क्रम

### क. विचार समोरच्याच्या टर्नमध्ये

समोरचा खेळत असताना फोन बघणं, शेजारच्या टेबलावर जाऊन डाव बघणं, हे सामने न संपण्याचं मोठं कारण आहे. त्या वीस मिनिटांत तुमचा पुढचा टर्न निम्मा ठरू शकतो. क्रम असा ठेवा: आधी पुढच्या टर्नला गुण कुठून येणार हे बघा, मग ते आणायला कोणती युनिट गुंतणार, मग उरलेली युनिट कोणाला मारणार. उलट क्रमाने, म्हणजे आधी ‘काय मारू?’ असा विचार केला तर शेवटी ऑब्जेक्टिव्हवर कोणीच उरत नाही आणि सगळा बेत पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

समोरच्याच्या चालीने बेत मोडला तर फक्त मोडलेला भाग दुरुस्त करा. आणि तुमचे सेव्ह येणार हे दिसत असेल तर फासे आधीच मुठीत घेऊन थांबा.

### ख. मूव्हमेंट: सगळ्यात जास्त गळती इथेच

मी पाहिलेल्या बहुतेक रखडलेल्या सामन्यांत दोष गोळीबाराचा नव्हता, हालचालीचा होता. मॉडेल उचलायचं, ठेवायचं, मागे होऊन बघायचं, पुन्हा उचलायचं. यावर एकच इलाज: हात मॉडेलवर जाण्याआधी ते कुठे जाणार हे ठरलेलं हवं. आधी मोजायला परवानगी असलेल्या खेळात टेप लावून बघा, फासा किंवा टोकन ठेवून जागा धरा आणि मग एकदाच हलवा.

पुढची युनिट आधी, मागची नंतर, नाहीतर स्वतःच्याच लोकांची वाट अडते. जिथे विचार करायची गरज नाही ती युनिट पहिल्यांदा उरका, एका जागी बसून राहणाऱ्यांसाठी ‘हे हलत नाहीत’ एवढं म्हणून पुढे जा. दहा-वीस मॉडेलच्या युनिटमध्ये सर्वांत पुढचं मॉडेल नीट मोजून ठेवा. बाकीची त्याच्या मागे, आधी होती तशाच रचनेत आणा आणि ज्याला सर्वांत लांब जायचंय तेवढंच पुन्हा मोजा. मागची मॉडेल आपल्या हालचालीपेक्षा जास्त सरकत नाहीत ना, ही जबाबदारी तुमची. समोरच्याने शंका घेतली तर न चिडता मोजून दाखवा.

प्रत्येक मॉडेलचा कोन, बेसची (मॉडेलखालच्या चकतीची) कड, आडोशाचा शेवटचा मिलिमीटर यावर वेळ तिथेच घालवा जिथे त्याने निकाल बदलतो. मागच्या कोपऱ्यात ऑब्जेक्टिव्ह धरून बसलेल्या पाच जणांची तोंडं कुठे आहेत याने काही फरक पडत नाही.

सावधान: मूव्हमेंट फेज संपवण्याआधी सगळ्या टेबलावर एकदा नजर फिरवा: कोणी राहिलंय का, रिझर्व्हमधून कोणी यायचंय का, युनिटची मॉडेल एकमेकांपासून तुटली आहेत का. या दहा सेकंदांनी ‘अरे, थांबा, हे हलवायचं राहिलं’ हा पाच मिनिटांचा संवाद वाचतो.

### ग. गोळीबार

ज्या गोळीबारावर पुढचे निर्णय अवलंबून आहेत तो आधी. आडवा येणारा रणगाडा पडतो की नाही हे कळल्यावर बाकीच्यांची लक्ष्यं ठरतात. उलट केलं तर प्रत्येक युनिटपाशी थांबून विचार करावा लागतो.

एकाच प्रकारच्या शस्त्रांचे सगळे फासे एकत्र टाका. चुकलेले फासे बाजूला काढा आणि उरलेले तेच उचलून वूंडसाठी टाका. यशस्वी फासे वेगळे करून मोजायचे आणि मग तितके नवे घ्यायचे, ही दुप्पट मेहनत बरेच जण करतात. प्रत्येक फेकीआधी मोठ्याने म्हणा: ‘वीस फासे, तीनपासून वर लागले, चारपासून वर जखमी.’ मग समोरचाही मनात मोजत राहतो आणि ‘किती झाले?’ हा प्रश्न येत नाही. सरासरी डोक्यात असू द्या: वीस फाशांतले तेरा लागतात, त्यातले सहा-सात जखमी करतात, आणि समोरच्याचा सेव्ह तीनचा (तीनपासून वर पडला की वाचतो) असेल तर दोनच आत जातात.

याच हिशेबाने काय टाकायचं नाही हेही कळतं. स्ट्रेंग्थ (शस्त्राची ताकद) ४ च्या बंदुकांच्या दहा गोळ्या टफनेस १० आणि तीनचा सेव्ह असलेल्या रणगाड्यावर झाडल्या तर लागतात सहा-सात, जखमी करायला सहाच पडावा लागतो, त्यातही तीनपैकी दोन सेव्ह होतात. सरासरी ०.३७ वूंड निघते. रणगाड्याची शेवटची एक वूंड राहिली असेल तर जरूर टाका. तो धडधाकट असेल तर ‘हे गोळीबार करत नाहीत’ म्हणून पुढे जा. ‘काय सांगावं, लागेलही’ या आशेने टाकलेले फासे सामन्यात एकदा उपयोगी पडतात आणि मिनिटं मात्र प्रत्येक टर्नला खातात.

सावधान: समोरच्याने बघण्याआधी फासे उचलू नका. तो वेग नव्हे, ती संशयाला जागा आहे. एकदा संशय शिरला की पुढची प्रत्येक फेक तपासली जाते आणि वाचवलेले सेकंद व्याजासकट परत जातात.

### घ. चार्ज आणि हातघाई

चार्जसाठी (शत्रूवर धावून जाण्यासाठी) टाकायच्या दोन फाशांची बेरीज ७ किंवा जास्त येण्याची शक्यता ५८ टक्के, ८ ची ४२ आणि ९ ची २८. एवढे तीन आकडे पाठ असले की चार्ज करावा की नाही यावरचं मंथन संपतं. हातघाईत कोण आधी मारणार हे दोघांनी मिळून आधी ठरवा, मग मॉडेल सरकवा. मेलेली मॉडेल लगेच टेबलावरून काढा. आडवी पाडून ठेवली की ती पुन्हा मोजली जातात.

### च. टर्न संपताना

गुण त्याच क्षणी दोघांनी मोठ्याने म्हणून दोघांच्या कागदावर लिहायचे. ‘शेवटी आठवून जुळवू’ म्हणणाऱ्यांची शेवटची दहा मिनिटं दुसऱ्या राउंडला ऑब्जेक्टिव्हवर कोण होतं हे आठवण्यात जातात.

## टप्पा ८: चेस क्लॉक

चेस क्लॉक ऐच्छिक असेल तरी मागून घ्या. ते मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास, असा एक गैरसमज आहे. खरं तर संथ खेळणाऱ्यालाच त्याचा फायदा जास्त, कारण आपला वेळ कुठे जातो हे त्याला पहिल्यांदाच दिसतं.

तीन तासांच्या फेरीत प्रत्येकाच्या वाट्याला ९० मिनिटं येतात: मांडणीची १०, खेळाची ७५ आणि शेवटची ५. घड्याळ दोघांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवा. तत्त्व एकच, की ज्याच्या निर्णयासाठी किंवा फाशांसाठी खेळ थांबलाय त्याचं घड्याळ चालतं. टर्न तुमचा असला तरी समोरचा वीस सेव्ह टाकतोय, मध्ये क्षमता वापरावी की नाही याचा विचार करतोय किंवा कोणती मॉडेल काढायची ते ठरवतोय, तर घड्याळ त्याच्याकडे जायला हवं. दोन फाशांच्या सेव्हसाठी मात्र बटण दाबू नका, त्यात दोघांचंही लक्ष उडतं.

नेहमीच्या चुका: टर्न संपल्यावर बटण दाबायला विसरणं, समोरचा विसरला हे दिसूनही गप्प बसणं (हा लबाडपणा आहे) आणि नियमाचा वाद चालू असताना घड्याळ चालू ठेवणं. वाद एक-दोन मिनिटांत मिटला नाही तर घड्याळ थांबवून जजला बोलवा. पुस्तकात दोघांनी मिळून शोधत बसणं हा सौजन्याचा प्रकार वाटतो, पण त्यात सहज दहा मिनिटं जातात.

## टप्पा ९: मागे पडलात तर

मागे पडल्याचं पहिल्या राउंडच्या शेवटी कळतं. बोलायचं तेव्हाच. ‘आपण दहा मिनिटं मागे आहोत, दोघांनीही जरा हात उचलूया का?’ असं ५५-६० व्या मिनिटाला म्हटलं तर कोणी दुखावत नाही. तेच वाक्य १५० व्या मिनिटाला आरोपासारखं ऐकू येतं. समोरचा तरीही रेंगाळत असेल तर उरलेला वेळ घड्याळावर समान वाटून घेण्याची मागणी करा, आणि तीही मान्य नसेल तर जजला टेबलाशी उभं राहायला सांगा. जाणूनबुजून वेळ काढणं हा नियमभंग आहे आणि ते ठरवणं जजचं काम आहे, तुमचं नाही.

दिरंगाई तुमची असेल तर कात्री इथे लावा: निकालावर परिणाम न करणारा गोळीबार सोडा, मागच्या युनिटची हालचाल सोडा, हरलेल्या बाजूची हातघाई वाढवू नका. गुण देणाऱ्या हालचाली मात्र आधी आणि नीट करा.

आयोजकाने शेवटची १५-२० मिनिटं जाहीर केली की नवीन राउंड सुरू करण्याआधी एकमेकांना विचारा: यात दोघांचेही टर्न होतील का? पहिल्याला टर्न मिळाला आणि दुसऱ्याला नाही, असा सामना कोणालाच मान्य नसतो. वेळ कमी असेल तर राउंडचे फक्त गुणांपुरते भाग खेळायचे, किंवा पुढे काय घडलं असतं हे बोलून गुण ठरवायचे, असे मार्ग काही स्पर्धांत चालतात, काहींत नाही. जजला विचारूनच करा.

## टप्पा १०: सराव घड्याळासकट

सरावाच्या सामन्यात प्रत्येकाला ९० ऐवजी ८० मिनिटं द्या. स्पर्धेत गोंधळ, अनोळखी सैन्य आणि थकवा यांत ती दहा मिनिटं जाणारच असतात. पूर्ण सामन्याला सवड नसेल तर फक्त पहिले दोन राउंड खेळा. बिघाड तिथेच असतो, पाचव्या राउंडचा सराव कोणाला लागत नाही.

प्रत्येक टर्न संपला की गुणांच्या शेजारी घड्याळावर उरलेली मिनिटं लिहा. तीन-चार सामन्यांचे आकडे एकाखाली एक ठेवले की कोणता टर्न फुगतो ते दिसतं. मग त्या टर्नच्या टप्प्यांची वेगवेगळी मिनिटं मोजा. मूव्हमेंट फुगत असेल तर टप्पा २ मधली एकट्याची चाचणी पुन्हा करा, गोळीबार फुगत असेल तर फाशांचे गट आणि युनिटचा तक्ता तपासा, आणि पहिलं मॉडेल हलण्याआधीच पाच मिनिटं जात असतील तर टप्पा ३ मधला चौथा कागद अजून लिहायचा राहिलाय.